मोडी लिपीचा अभ्यास तिसऱ्या आठवड्यात सुटतो. रोज पंधरा मिनिटांत घरचे कागद वाचण्यापर्यंत पोहोचता येईल का?

माळ्यावरचा_रुमाल

घरात मोडीतले, म्हणजे मराठी लिहिण्याच्या जुन्या लिपीतले, साधारण ४० कागद आहेत. काही खरेदीखतं, दोन गहाणखतं, एक वाटणीपत्र, बाकी पत्रं आणि हिशेबाचे चिठोरे. ज्यांवर साल कळतं ते १८८० ते १९३० मधले. हे कागद स्वतःला वाचता यावेत एवढीच इच्छा आहे. परीक्षा द्यायची नाही, संशोधनही करायचं नाही.

मुळाक्षरं दोनदा गिरवून झाली आणि दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात सुटलं. पद्धत अशी होती: रोज रात्री एक तास, बाराखडीचा तक्ता समोर ठेवून ‘क’पासून क्रमाने. तक्ता बऱ्यापैकी पाठ होतो. पण खरा कागद उघडला की एका ओळीत दोन-तीन अक्षरं ओळखू येतात आणि हे आपल्याच्याने होणारं काम नाही असं वाटून वही मिटते. वय ५२, नोकरी चालू, वेळ संध्याकाळी सातनंतरच. १५ मिनिटं मात्र रोज नक्की निघतील.

तेवढ्यावर जमेल का? जमणार असेल तर आधी काय घ्यावं, आणि जमतंय हे ओळखायचं कशावरून?

---

बोरू_आणि_टाक

जमेल. पण तुमची शंका नेमकी कुठून येते ते आधी पाहा, कारण ती चुकीच्या परीक्षेतून आलेली आहे.

मोडीचं वळण काळाप्रमाणे बदलतं. पेशवाईतलं चिटणीसी वळण बोरूचं (तासलेल्या काडीच्या लेखणीचं), गोलसर, अक्षरांतलं अंतर बरंचसं सारखं. इंग्रजी अमदानीत टाक आणि पुढे फाउंटन पेन आलं, हात भरभर चालू लागला. बोरूमुळे येणारा जाड-बारीकपणा गेला, अक्षरं बारीक आणि एकमेकांत गुंतलेली झाली. आंग्लकालीन मोडी वाचायला सगळ्यात अवघड समजतात, आणि तुमचे सगळे कागद त्याच काळातले. तीन आठवड्यांच्या विद्यार्थ्याला त्यातली दोन-तीन अक्षरं ओळखता आली, तर अभ्यास जिथे असायला हवा तिथेच आहे.

दुसरं कारण तक्त्यात आहे. ३६ व्यंजनं गुणिले १२ म्हणजे ४३२ चौकटी. देवनागरीत ‘क’ आला आणि काना-मात्रा आल्या की ‘का’, ‘कु’, ‘के’ आपोआप येतात. मोडीत काही अक्षरांना स्वरचिन्ह लागलं की मूळ आकारच बदलतो, कारण हात उचलायचा नसतो. काना अक्षराच्या शेपटातूनच वर शिरोरेघेकडे जातो आणि तिथूनच पुढचं अक्षर निघतं. म्हणून पहिले दोन आठवडे सुटी मुळाक्षरं सोपी वाटतात, तिसऱ्या आठवड्यात बाराखडी सुरू होते आणि प्रगती थांबल्यासारखी वाटते. तिसऱ्या आठवड्याचं कोडं हेच आहे. त्यात तुमच्या कुवतीचा काही संबंध नाही.

आता कामाचं.

तक्ता बाजूला ठेवा. मराठीत सतत येणारी ही १३ अक्षरं आधी घ्या: र, त, स, न, क, ल, म, य, व, प, ज, ह, द. रोज दोन, म्हणजे एका आठवड्यात होतात. प्रत्येक अक्षराची एकच ओळ, ओळीत आठ वेळा, दर वेळी उच्चार मोठ्याने. नुसता हात चालवला तर डोळा आळशी राहतो.

दुसऱ्या आठवड्यापासून या तेरांतूनच कागदपत्रांतले खरे शब्द लिहा: सनद, वतन, रयत, रकम, नकल, कलम, परत, हरकत. एकालाही काना-मात्रा नाही. तुमच्या खरेदीखतांत यांतले दोन-तीन तरी भेटण्याची शक्यता चांगली आहे, आणि आपण लिहिलेला शब्द जुन्या कागदावर दिसला की पुढचे चार दिवस वही आपणच उघडतो. मग वेलांटी घ्या: जमीन, तपसील. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. वेलांटी दीर्घ आणि उकार ह्रस्व असा सर्वसाधारण प्रघात आहे, म्हणजे तेवढं ओझं आपोआप कमी होतं. स्वरचिन्हांत उकार सगळ्यात शेवटी घ्या, आकार तिथे फार बदलतात. उरलेली व्यंजनं वेलांटीनंतर आठवड्याला चार या गतीने. घाई केली तर आधीची तेरा निसटतात.

वही साधी एकरेघी. मोडीत शिरोरेघ आधी ओढतात, ओळभर, आणि अक्षरं तिला खालून लटकतात. वहीची छापील रेघ हीच शिरोरेघ धरा. देवनागरीच्या सवयीने रेघेवर अक्षर बसवायला जाल तर वळण शेवटपर्यंत चुकीचं राहतं. पेन ०.७चं जेल पुरे. बोरू घेण्याची घाई नको, बोरू तासणं आणि धरणं ही वेगळीच विद्या आहे आणि तुमची १५ मिनिटं तीच खाईल.

---

रोजमेळ

वर लिपीचं आलं, मी सवयीबद्दल लिहितो, कारण तुमचं दोनदा सुटलं ते मला एका तासामुळे सुटलेलं दिसतं. रोज एक तास ठरवला की घरी यायला उशीर झालेल्या पहिल्याच दिवशी हिशेब चुकतो. मग उद्या दोन तास करू असं मनात येतं. ते होत नाहीत, आणि थकबाकी वाढत जाते. वही दिसली तरी ओशाळल्यासारखं होतं.

त्यासाठी दोन मापं ठेवा. पूर्ण माप १५ मिनिटांचं. किमान माप म्हणजे दोन ओळी, उभ्याउभ्याही होतील अशा, तीन मिनिटांच्या आतल्या. किमान माप केलं तरी दिवस भरला असं धरायचं, आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून जास्त करायचं नाही. भरपाईला मी सक्त मनाई करीन. लोक बहुतेक तिथेच घसरतात.

वेळ घड्याळाला बांधू नका, आधीपासून पक्क्या असलेल्या कामाला बांधा. ‘साडेसात वाजता’ हे रोज हलतं. ‘संध्याकाळचा चहा संपला, कप ओट्यावर ठेवला, की वही’ हे हलत नाही. वही कपाटात नको. टेबलावर, आजच्या पानावर उघडी, मध्ये पेन. रात्री झोपताना दुसऱ्या दिवशीची दोन अक्षरं ओळीच्या सुरुवातीला लिहून ठेवा, म्हणजे दमून आल्यावर ‘आज काय घ्यावं’ हा विचारच करावा लागत नाही.

किती दिवसांत अंगवळणी पडेल? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे केलेला अभ्यास २०१०मध्ये छापून आला. रोजची एक साधी कृती आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागतात असा त्यांचा अंदाज निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकू येतं त्यावर विसंबू नका. तिसऱ्या आठवड्यात जड वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष बाधा येत नाही.

खाडे पडणारच, त्यांचा नियम आजच लिहून ठेवा. एक दिवस चुकला तर काहीच करायचं नाही, पुढे चालायचं. लागोपाठ दुसरा दिवस चुकत असेल तर झोपण्यापूर्वी दोन ओळी. गणपती, लग्नकार्य, आजारपण यांत दहा दिवस गेले तर पुन्हा पहिल्या अक्षरापासून गिरवू नका. हा मोह फार होतो, आणि अशाने लोकांना पहिली पाच अक्षरंच उत्तम येतात. शेवटची तीन पानं मोठ्याने वाचा, अडलेली अक्षरं वेगळी लिहा आणि जिथे थांबला होता तिथूनच पुढे.

आता ‘जमतंय कशावरून’. तुमच्या ४० कागदांतला सुवाच्य असा एक निवडा, तो कसोटीचा कागद. त्याच्या पहिल्या पाच ओळींची छायाप्रत काढा आणि अक्षरं एकदाच मोजा. समजा १४० निघाली. आज जी खात्रीने ओळखू येतात त्यांखाली टिंब द्या आणि कोपऱ्यात तारीख घालून लिहा, समजा ९/१४०. ही प्रत पाकिटात बंद. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवी कोरी प्रत घ्यायची, आधीची पाहायची नाही. एरवी त्या पाच ओळींना हात लावायचा नाही, नाहीतर त्या पाठ होतील आणि आकडा खोटा निघेल. मन रोज सांगतं की काही येत नाही, कारण रोज समोर असतं ते न येणारंच. जे यायला लागलं ते नजरेत भरत नाही. ९ वरून ३४ झालेले कागदावर दिसले की त्या दिवशी मनाशी वाद घालावा लागत नाही.

---

सरळवाचन

थोडं वेगळं मत. ध्येय फक्त वाचनाचं असेल तर गिरवण्यात एवढा वेळ कशाला? लिहिणं आणि ओळखणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पुठ्ठ्याच्या पत्त्या करा, एका बाजूला मोडी शब्द, दुसऱ्या बाजूला बालबोध (देवनागरी). चुकलेली पत्ती उद्या, बरोबर आलेली तीन दिवसांनी, परत बरोबर आली तर आठवड्याने. एका वेळी २० पत्त्यांवर जाऊ नका. पत्त्या लोकलमध्येही होतात, वही होत नाही.

फोनवर मोडी अक्षरं मिळतात. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली आणि तिचे फाँटही आहेत. पण फाँटमधलं अक्षर दर वेळी तसंच्या तसं असतं. पहिले तीन आठवडे ठीक, नंतर पत्त्यांवर खऱ्या कागदांतले कापलेले फोटो चिकटवा. एकाच अक्षराचे तीन वेगवेगळ्या हातांचे नमुने हवेत.

---

बोरू_आणि_टाक

पत्त्यांना पूर्ण पाठिंबा, अंतराचं गणितही योग्य आहे. पण लिहिणं सोडू नका असं मी ठासून म्हणेन. मोडीचं अक्षर म्हणजे हाताने गेलेली वाट. घाईत लिहिलेलं अक्षर अर्धवट उमटतं, आणि हात कुठून कुठे गेला असेल हे ठाऊक असेल तरच उरलेलं अर्धं कळतं. रोज दोन ओळी लिहिणं हे वाचनाचंच काम आहे. सुंदर यायची गरज नाही.

---

माळ्यावरचा_रुमाल

पाच आठवड्यांनी परत लिहितो आहे. ३५ पैकी ३१ दिवस भरले, त्यांतले १२ किमान मापाचे. तेरा अक्षरं पक्की, वेलांटी झाली, आणखी नऊ व्यंजनं झाली. कसोटीचा कागद ११ वरून ३८/१५२.

दोन अडचणी आहेत. स्वतःचं लिहिलेलं सरळ वाचता येतं, दुसऱ्याच्या हातचं अडतं. आणि अक्षरं ओळखू आली तरी शब्द कुठे संपतो ते कळत नाही, मग अंदाजाने काहीतरी वाचलं जातं आणि ते चुकतं. पुन्हा तीच शंका डोकं वर काढते आहे.

---

बोरू_आणि_टाक

३८ म्हणजे चांगलाच वेग आहे. तुमच्या दोन अडचणींवर वेगवेगळे उपाय करायला हवेत, एकत्र सोडवू गेलात तर दोन्ही अडतील.

दुसऱ्याच्या हातासाठी ट्रेसिंग पेपर. कागदाचा फोटो दीडपट मोठा करून छापा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि रोज एकच ओळ पेन्सिलने, हात न उचलता, गिरवा. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. साधारण दहा-बारा ओळींनंतर त्या लेखकाचा हात कळू लागतो: त्याचा ‘त’ कुठे वळतो, कान्याला तो किती उंच नेतो. एका वेळी एकच लेखक घ्या. गावातले बरेच दस्त एकाच लेखनिकाने लिहिलेले असतात, शेवटी त्याचं नाव असतं. त्याचे तीन-चार कागद एकत्र काढा आणि महिनाभर त्यालाच धरून राहा. हात बदलत राहिलात तर दर वेळी नवीन लिपी शिकल्यासारखं होईल.

शब्द तोडण्यासाठी मोडीची गरजच नाही. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, अनुस्वार बऱ्याचदा गाळलेला. हा सराव देवनागरीत करा. घरच्या कुणाला तरी वर्तमानपत्रातल्या पाच ओळी जागा न सोडता, अनुस्वार गाळून आणि सगळ्या वेलांट्या दीर्घ करून लिहायला सांगा, आणि त्या वाचा. ‘राहणारमौजेमजकुरतालुकेमजकुर’ सारखं काही बालबोधातही अडखळत वाचावं लागतं हे एकदा पाहिलंत की मोडीवरचा निम्मा राग जाईल. आठवड्यातून दोन दिवस १५ मिनिटं यालाच द्या.

अंदाजाचं मात्र गंभीर आहे. न आलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यायचं, शब्द भरायचा नाही. ‘ज मी .’ असं राहू द्या. एकदा चुकीचा शब्द लिहिला की पुढची सगळी ओळ आपण त्याला जुळवून घेतो.

---

चतुःसीमा

खरेदीखतं आहेत म्हणता, तर त्यांचा साचा वापरा. दस्तऐवजाची भाषा ठरीव असते, आणि नवख्याला हा फार मोठा आधार आहे. सुरुवातीला तारीख. मग लिहून घेणार आणि लिहून देणार: नाव, ‘वय वर्षे’, ‘धंदा शेती’, ‘राहणार मौजे’, तालुका, जिल्हा. मग कारण आणि रक्कम. मग मिळकत: सर्व्हे नंबर, एकर, गुंठे (४० गुंठ्यांचा एकर), ‘आकार’ म्हणजे सरकारी सारा. मग चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी: पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस. शेवटी साक्षी, ‘दस्तुर खुद्द’ (स्वतःच्या हातचं), आणि सही न येणाऱ्या शेतकऱ्याची ‘निशाणी नांगर’.

वाचायला वरून सुरुवात करू नका. आधी चतुःसीमा शोधा. ‘-एस’ने संपणारे चार शब्द जवळजवळ येतात, ते सापडले की प, र, व, द, ण, उ, त, श इतकी अक्षरं त्या हातची एकदम मिळतात. त्यांचा छोटा तक्ता त्याच लेखकाच्या नावाने करा. ‘श’च्या जागी ‘स’ आढळला तर बिचकू नका, शुद्धलेखन त्या काळी सैल होतं. मग गावांची नावं आणि आडनावं. ती तुम्हाला ठाऊकच आहेत, फक्त तिथे अंदाजाचा वर सांगितलेला नियम जास्त कडक पाळा. दस्त नोंदलेला असेल तर मागच्या बाजूला सब-रजिस्ट्रारचा शेरा असतो, त्यात नावं आणि तारीख पुन्हा येतात. ताडून पाहायला उत्तम.

तारखांचं सोपं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन, जानेवारी ते फाल्गुन अखेरच्या तारखांना ७९. शक नीट वाचलात की नाही हे संवत्सरावरून तपासा: शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी हा प्रभवपासूनचा क्रमांक. शके १८१५ घ्या. १८२७ला ६०ने भागून बाकी २७, सत्ताविसावं संवत्सर विजय. कागदावर ‘विजयनाम संवत्सरे’ दिसलं तर १८१५ हे वाचन बरोबर, म्हणजे १८९३-९४. बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. फसली (महसुली) सन असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवा. सुहूर सनाचे ‘इहिदे, इसन्ने, सल्लास’ हे अरबी आकडे पेशवाईच्या कागदांना लागतात, तुमच्या काळात त्यांची गरज पडण्याची शक्यता कमी, त्यामुळे आत्ता त्यांच्या मागे लागू नका.

रकमेत रुपयांच्या आकड्यापुढची उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. त्यापुढच्या आडव्या किंवा तिरक्या बारीक रेघा एकेका आण्याच्या. ‘५॥=’ म्हणजे पाच रुपये दहा आणे. या रेघा दंड समजून सोडल्या तर हिशेबाच्या चिठोऱ्यांची बेरीज कधीच जुळत नाही. ती बेरीज हीच तुमची उत्तरपत्रिका आहे, म्हणून हिशेबाचे कागद आठवड्यातून एकदा नक्की घ्या.

एक कळकळीची विनंती. सराव फोटोवर किंवा छायाप्रतीवर करा, मूळ कागदावर नाही. फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, कागदाला समांतर. घड्या जबरदस्तीने उलगडू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. डाग पुसायला ओलं कापड लावू नका, काजळीची शाई पाण्याने पसरते. धुतलेल्या सुती कापडात, कोरड्या जागी बांधून ठेवा. यातला एखादा कागद वारसा, जमीन किंवा जातीच्या दाखल्यासाठी लागणार असेल तर तिथे स्वतःचं वाचन चालणार नाही, अधिकृत मोडी वाचकाकडूनच लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

---

रोजमेळ

३५ पैकी ३१, त्यात १२ किमान. त्या १२ दिवसांकडे कमीपणाने पाहू नका. एका तासाच्या नियमात हे बाराही दिवस कोरे गेले असते.

आता एक बदल. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नवं शिकणं आणि जुनं वाचणं एकाच दिवशी नको. सोमवार ते गुरुवार अक्षरं आणि ट्रेसिंग, शुक्रवार-शनिवार देवनागरीतली शब्दतोड, रविवारी हिशेबाचा एक चिठोरा. किमान माप सातही दिवस तेच, दोन ओळी. एकट्याने कंटाळा येत असेल तर राज्य शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही वर्ग होतात. तिथे जाल तेव्हा टिंबं दिलेले तुमचे कागद घेऊन जा. शिकवणाऱ्याला नेमकं कुठे अडतंय ते टिंबांवरून लगेच दिसेल.

---

माळ्यावरचा_रुमाल

लेखनिकाचं नाव शोधलं. चार खरेदीखतं आणि एक गहाणखत एकाच हातचं निघालं, पाचही वेगळी काढून फोटो घेतले. उद्या चहानंतर त्यातल्या पहिल्याच्या चतुःसीमेपासून ट्रेसिंग. ‘पूर्वेस’ आणि ‘उत्तरेस’ सापडले आहेत, बाकी दोन जागी सध्या टिंबं.